झुलत्या खुर्चीचे दोन मालक

टेक्सासमधल्या हॅलम काउंटीत गुरांवरच्या डागांची, म्हणजे तापल्या लोखंडाने उमटवलेल्या मालकीच्या खुणांची, नोंद ट्वायला कुबेना ठेवायची. दर दहा वर्षांनी झाडून साऱ्या गुरंवाल्यांनी कचेरीत येऊन आपापला डाग पुन्हा नोंदवायचा. नवा संगणक आल्यापासून ट्वायलाची मान जरा जास्तच ताठ झाली होती. एकाला दिलेला डाग जनावराच्या त्याच जागी हा संगणक दुसऱ्या कुणाला देतच नसे.

ऐंशीच्या मिस ओपल राडमाकर यांचा डाग झुलत्या खुर्चीचा, दोनशे गाईंच्या डाव्या पुठ्ठ्यावर. यंदा मात्र त्यांनी जागेचा रकाना कोरा ठेवायला लावला.

"जागा सांगितली की बाकीची गाय लोकांना मोकळी. कोरं ठेव गं, अख्खी गाय माझी!"

संगणकाने मुकाट्याने घेतलं.

ही हुशारी बाईंनी चर्चच्या जेवणात सांगितली आणि घात झाला. सोमवारी शेजारचा वेंडेल प्रुइट हजर. "झुलती खुर्ची. जागा कोरी."

"वेंडेल, हसं करून घेऊ नकोस. संगणक नाही म्हणणार." त्याची जिरवायची म्हणूनच ट्वायलाने कळ दाबली. नोंद झाली!

म्हणजे शुक्रवारच्या लिलावात मिस ओपलच्या वासरांवर वेंडेलही हक्क सांगणार. ट्वायलाने संगणकवाल्या रोहेलिओला फोनवर फैलावर घेतलं.

"कोरं म्हणजे 'माहीत नाही', मॅडम," तो म्हणाला. "दोन माहीत नसलेल्या जागा एकच आहेत, असं यंत्राने कुठल्या तोंडाने म्हणायचं? दोघांकडून जागा भरून घ्या. मग कोरं ठेवायची सोयच बंद करतो."

दोघांना बोलावणं गेलं. आधीची नोंद मिस ओपलची, म्हणून आधी त्यांनी भरलं: डावा पुठ्ठा.

वेंडेलला हसू आवरेना. "म्हातारीचं एका पुठ्ठ्यात भागलं! माझं लिही, सगळीकडे."

"सगळीकडे? सही कर मग."

जागा वेगळी, म्हणून संगणकाने तेही घेतलं. मिस ओपलचा चेहरा उतरला. "अगं, त्याच्या सगळीकडेत माझा पुठ्ठाही आला की!"

"आला ना," शिक्का मारत ट्वायला म्हणाली. "पण नोंदलेल्या प्रत्येक जागी डाग नसेल तर जनावर त्याचं ठरत नाही. दोन्ही पुठ्ठे, दोन्ही खांदे, बरगड्या, जबडा... शुक्रवारपर्यंत उरकेल ना रे, वेंडेल?"

वेंडेलने टोपी काढून डोकं खाजवलं. "डावा पुठ्ठाच कर मग."

"तो गेला."

"बरं बाई, उजवा."

मिस ओपल पर्स उचलत उठल्या. "तुझी गाय माझ्या कुंपणात शिरली तर वळसा घालून उजवीकडूनही बघेन हो, वेंडेल. एवढा त्रास घेईन तुझ्यासाठी."