ब्रादुलेश्तची गुरुवारची बैठक

घरपट्टीचा कागद हातात पडला आणि ग्लिगोर भडकला.

"पुन्हा वाढवली! रस्त्यात खड्डे, वरच्या आळीला नळ नाही, आणि यांची पट्टी मात्र वाढतेच आहे!"

ब्रादुलेश्त गावाच्या मुख्य रस्त्यावर ग्लिगोरचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. रोज सकाळी पाच-सहा जण तिथे कॉफीला जमत, पंचायतीला शिव्या घालत आणि मन मोकळं करून शेतावर जात. शिव्या घालण्यात ग्लिगोरचा हात कुणी धरू शकत नसे.

त्याची बायको प्रोफिरा चीजच्या पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवताच ती म्हणाली, "वीस वर्षं तू हेच सांगतोयस. तुझ्या पान्यांनासुद्धा पाठ झालं असेल. पंचायतीत जाऊन एकदा तरी बोललास का?"

"काय उपयोग? तिथे सगळं आधीच ठरलेलं असतं."

"मग निदान माझ्या आईला जाऊन सांग की पाणी आयुष्यात येणार नाही म्हणून. ती अजून वाट बघतेय."

हे ग्लिगोरला लागलं. त्याची सासू सालोमिया वरच्या आळीत राहायची. टेकडीवरच्या त्या साठ घरांच्या विहिरी ऑगस्टच्या कडक उन्हाळ्यात तळ गाठत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूसाठी ग्लिगोर दर शनिवारी पाण्याचे कॅन वर नेऊन द्यायचा. त्याने तो कागद खिशात कोंबला आणि तडक पंचायतीत गेला.

पंचायतीच्या सचिव ओलिंपियाबाई खिडकीशी बसल्या होत्या. ग्लिगोरने कागद त्यांच्यापुढे आपटला.

"बाई, हा दरोडा आहे! आम्हाला कुणी विचारलं होतं?"

"विचारलं होतं ना," बाई शांतपणे म्हणाल्या. "तीस दिवस सूचना फलकावर होती. हरकत एकही आली नाही."

"फलक कोण वाचतो?"

"तेच तर मी एकोणीस वर्षं बघतेय, ग्लिगोरभाऊ! बैठकीच्या खोलीत लोकांसाठी दोन रांगा खुर्च्या मांडते. आजवर तिथे एकच माणूस येऊन बसला. बाहेर गारा पडत होत्या म्हणून."

ग्लिगोरला हसू आलं, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला बाहेर नेलं आणि फलकावर बोट ठेवलं. "हे वाचा. येत्या गुरुवारी यावर मतदान आहे."

ग्लिगोर वाचू लागला. जिल्ह्याकडून विकासनिधी मिळणार होता. काही वाटा गावाने घालायचा होता, घरपट्टी त्याचसाठी वाढली होती. आणि त्या पैशातून बांधायचं होतं क्रीडागृह!

"क्रीडागृह? अहो, शाळेत पोरं आहेत अकरा! आणि वर लोक पाणी वाहून मरतायत!"

"मग हे कुणाला सांगायचं? मला? तुमच्या दुकानातल्या कॉफीच्या कपांना?" आता बाईंचा आवाज चढला. "सरपंच तेओफिल काही राक्षस नाहीत. शेजारच्या गावाने क्रीडागृह बांधलं, त्यांना वाटलं आपल्यालाही हवं असेल. दुसरं काही हवंय असं कुणी सांगितलंच नाही. ऐकू येणार नाही अशा ठिकाणी बसून तुम्ही ओरडता, आणि वर म्हणता ऐकत नाहीत! लेखी सूचना द्या, ती बैठकीत वाचली जाईल. आणि स्वतः या. माणूस समोर बसला की मत देणाऱ्याचा हात जरा विचार करून वर जातो."

ग्लिगोरने बैठकीची वेळ घरपट्टीच्या कागदामागे लिहून घेतली.

त्या संध्याकाळी प्रोफिराने 'क्रीडागृहाऐवजी वरच्या आळीला पाणी द्या' असा अर्ज लिहिला आणि दुसऱ्या दिवसापासून दोघं दारोदार फिरले. टोमणे पुष्कळ ऐकावे लागले.

"काय रे, निवडणुकीला उभा राहतोयस वाटतं?"

"तूच ना म्हणायचास, काही उपयोग नाही म्हणून?"

"म्हणायचो," ग्लिगोर मान खाली घालून कबूल करायचा. "चुकत होतो. सही कर."

कुणी सही केली, कुणी दार लावून घेतलं. सालोमियाने कागद तीनदा वाचायला लावला.

"येईन मी. पण माझे गुडघे उतार उतरत नाहीत."

"ट्रॉली आणतो की, आई."

"मग एकटीलाच काय नेतोस? आख्खी आळी भर तिच्यात!"

गुरुवारी दुपारी ट्रॅक्टर पंचायतीसमोर थांबला. ट्रॉलीतून म्हातारेकोतारे उतरले, मागून बाकीचे पायी आले. दोन्ही रांगा भरल्या, जिना भरला, खिडक्यांबाहेर माणसं उभी राहिली! ओलिंपियाबाईंनी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला.

सरपंच तेओफिल गोंधळले होते. "पण मंडळी, क्रीडागृहाने गावाची शान वाढेल..."

सालोमिया काठी टेकत उठली. "क्रीडागृहात अंघोळीची सोय असेल का हो, सरपंच? असेल तर मी रोज येते खेळायला!"

खोलीत हशा पिकला. सरपंचही हसले. मग एक सदस्य म्हणाला, "पाण्याची योजना महाग आहे. वाढीव घरपट्टी लागेलच, आणि ती रद्द करा म्हणून उद्या तुम्हीच ओरडाल!"

आता ग्लिगोर उभा राहिला. "नाही ओरडणार. पाण्यासाठी असेल तर वाढीव पट्टी सगळ्यांत आधी मी भरीन. मला राग पैशाचा नव्हता, साहेब. पैसा कुठे जातो ते कळत नव्हतं, त्याचा होता. आणि ते जाणून घ्यायला मी कधी आलोच नाही, ही माझी चूक!"

मग मतदान झालं. अकरा सदस्यांपैकी आठ जणांचे हात पाण्यासाठी वर गेले. आठवा हात सरपंच तेओफिलांचा होता!

बाहेर एकच जल्लोष झाला. कुणी चर्चची घंटा वाजवायला धावलं, कुणी आलुबुखाराच्या दारूची बाटली उघडली. तेओफिल गर्दीतून ग्लिगोरपाशी आले. "आता सुटका नाही. पाइप टाकताना खोदकामावर लक्ष ठेवायची समिती करतोय. त्यात तू."

"मी? मला फक्त बोलता येतं, सरपंच."

"आज पाहिलं ना, काय होतं त्याने!"

पुढच्या वर्षी कापणीच्या आधी वरच्या आळीत पाणी आलं. सालोमियाने पहिला पेला भरून जावयाच्या हातात दिला. "पी. थंड आहे."

बंधुभगिनींनो, आपणही चहाच्या टपरीवर, ओट्यावर, कचेरीत सरकारला नावं ठेवतो आणि काहीतरी केल्याचं समाधान मानतो. पण कर भरणं हे नागरिकाचं अर्धंच काम. त्या कराचं काय होतंय हे जाऊन विचारणं, चुकलं तर सांगणं आणि योग्य कामाला खांदा देणं, हे उरलेलं अर्धं. ब्रादुलेश्तच्या लोकांनी ते केलं. आपल्याही गावात बैठक होते. तिची तारीख आजच विचारून घ्या, आणि त्या दिवशी जा!