जळक्या तेलाचा वास

नवघरच्या गॅरेजवाल्या गुणवंतच्या लेखी जगात वस्तू दोनच जातीच्या: तेल घातलेल्या आणि तेल घालायच्या राहिलेल्या. शेजारच्या शैलाबाईंचं शिलाई मशीन असो की सोसायटीचं गेट, हा न बोलावता तेलाचा हात मारून यायचा. लोक हसायचे, पण त्याने हात लावलेलं पुन्हा कुरकुरलं नाही, हेही तेच लोक सांगायचे.

त्याची लेक समिधा एअर रायफल मारायची. तिची आई वासंती हिने हायवेवरच्या मॉलमध्ये शब्द टाकून ठेवला होता. सोमवारपासून समिधाने बिलिंग काउंटरवर उभं राहायचं. मात्र रविवारच्या निवड स्पर्धेत तिचं नाव राज्याच्या संघात आलं, तर मॉलचा विषय बंद. मायलेकींचं तसं बोलणंच झालं होतं. गुणवंतला कोणी विचारलं नव्हतं, पण देव्हाऱ्यासमोर तो दोनदा जास्त उभा राहिला.

शनिवारी संध्याकाळी समिधा रायफल घेऊन गॅरेजात आली.

"पप्पा, दस्त्याचा स्क्रू ढिला झालाय. तेवढा टाइट करून ठेवा. बाकी कशाला हात लावू नका हं."

स्क्रू लगेच आवळून झाला. मग त्याने सहज नळी खाली दुमडून, रायफल उघडून पाहिली. आतली स्प्रिंग कोरडी वाजली आणि गड्याचा जीव कळवळला. महागड्या बाइकसाठी जपून ठेवलेलं इंजिन ऑइल त्याने काढलं. नळीत सोडलं, मागे हवा येते त्या भोकात सोडलं. लेकीच्या कामाला हात आखडता कशाला, म्हणून वर आणखी थोडं. रायफल लोण्यासारखी चालायला लागली. उद्या पोरीला आपोआप कळेल, म्हणून तो गप्प राहिला.

रविवारी तो हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर डोळ्यांत तेल घालून बसला होता. समिधाने पहिला छर्रा सोडला आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. छर्रा भलतीकडे वर गेला. दुसराही तसाच. नळीच्या तोंडाशी निळसर धूर रेंगाळला.

मग वास आला. हा वास गुणवंतला झोपेतही ओळखू आला असता. नको तिथे तेल शिरलं आणि हवेच्या दाबाने पेटलं की येतो तो. गिऱ्हाइकाला तो आयुष्यभर हेच सांगत आला होता, की इंजिन ऑइल पितंय, काम निघालं.

प्रशिक्षक मिनल मॅडम धावत आल्या. नळीतून कापड ओढलं, ते ओलंचिंब निघालं.

"इंजिन ऑइल? नळीत? समिधा, हे कोणी टाकलं?"

समिधाने एकदा मागच्या खुर्चीकडे पाहिलं.

"मीच टाकलं, मॅडम."

उठून खरं सांगावं असं त्याला फार वाटलं. तो उठला नाही. जादा रायफल कोणाकडे नव्हती, आणि पुसून पुसून तेल काही संपत नव्हतं. यादी लागली तेव्हा त्यात समिधाचं नाव नव्हतं.

स्कूटीवरून घरी येताना ती पुढे बघत म्हणाली, "स्प्रिंगच गेली होती पप्पा. जुनी झालेली."

"हो. जुन्या स्प्रिंगचा भरवसा नसतो," तो म्हणाला. आपण खोटं बोलतोय हे तिला कळतंय, हेही त्याला कळत होतं.

गॅरेजापाशी उतरल्यावर तिने रायफल आत कोपऱ्यात उभी केली. त्याचा हात सवयीने फडक्याकडे गेला.

"राहू द्या ती," ती म्हणाली. "स्कूटीचं ऑइल बदलून ठेवा ना तेवढं. उद्यापासून रोज लागेल."

ती घरी गेली. त्याने जुनं ऑइल काढलं आणि कालच्याच डब्यातलं उरलेलं स्कूटीत ओतलं. बटण दाबलं. गाडी एका झटक्यात सुरू झाली, आवाज इतका साफ की वरून शैलाबाईंनी डोकावून विचारलं, नवीन घेतली का.