डुकराचा वाटा

सूर्यमाळच्या त्या पाड्यावर रानडुक्कर आपल्याच पायाने मरायला आलं. विहिरीसाठी खणून ठेवलेल्या खड्ड्यात ते रात्री कधीतरी पडलं, आणि सकाळी बायका पाण्याला निघाल्या तर आत धापा टाकत पडलेलं. रानडुकराला हात लावला की वनखात्याची केस, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वर्षभर ज्यांच्या नाचणीत आणि भातात ही डुकरं धुडगूस घालत होती, त्यांना "सोडा बिचाऱ्याला" म्हणून सांगायची कोणाची छाती होती? पाड्यातला जाणता देवराम कुऱ्हाड घेऊन खाली उतरला आणि दोन घावांत काम उरकून वर आला.

कापायला देवराम बसला आणि पोशीचा नवरा ढवळू. ढवळूचा हात कापाकापीत भारी चालायचा. फक्त आदल्याच दिवशी भात कापताना त्याच्या अंगठ्याला विळा लागला होता आणि पोशीने जुन्या लुगड्याची चिंधी बांधून दिली होती. ती रक्ताने बुळबुळीत झाली तशी त्याने सोडून फेकून दिली, आणि उघड्या जखमेनिशी कोपरापर्यंत हात डुकराच्या पोटात घातला.

"अरे, अंगठा तरी सांभाळ!" पोशी ओरडली.

"मेलाय तो. आथा काय चावणार हाय?" ढवळू म्हणाला, आणि सगळा पाडा हसला. पोशीही हसली, खोटं कशाला बोला.

सागाच्या पानांवर चौदा घरांचे चौदा वाटे पडले. कापणाऱ्यांचा मान म्हणून काळीज त्या दोघांना. ते निखाऱ्यावर नुसतं दाखवल्यासारखं केलं आणि मोहाच्या दारूबरोबर आतून लालभडकच खाल्लं. देवरामने दोन तुकड्यांवर हात आखडला. ढवळूला कुठं थांबायचं ते कधीच कळलं नाही.

मग देवरामने प्रत्येकाच्या तळहातावर नव्या भाताचे पाच दाणे ठेवले. "कणसरीची आण घ्या. ज्याच्या तोंडातून हा डुकर बाहेर पडंल, त्याच्या घरात कणसरी ऱ्हायची नाय." कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिची आण मोडली की कणगीत दाणा टिकत नाही, पोरंबाळं उपाशी राहतात, असं सगळे मानतात. पोशीने पाच दाणे तोंडात टाकले आणि चावून गिळले. तिचं अर्धं भात अजून शेतात उभं होतं.

तिसऱ्या दिवशी ढवळू झोपडीतून बाहेर आला तो भेलकांडतच. दारातल्या मडक्यावर पडला, मडकं फुटलं. पोशीचं डोकं फिरलं. पाणी आणायला डोंगर उतरून जावं लागतं आणि हा सकाळीच ढोसून बसलाय! तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो नुसता बघत राहिला, उत्तर नाही की शिवी नाही. शेजारची रखमी कुंपणावरून म्हणाली, "राहू दे गं, चढलीय त्याला. उतरंल." म्हणून पोशीने त्याला खाटेवर ढकललं आणि विळा घेऊन शेतात निघून गेली. दिवसभर भात कापत होती आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती. तो दिवस पुढे तिला जन्मभर डाचणार होता, पण तेव्हा तिला काय माहीत!

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य खात्याची आशाताई रंजना नेहमीच्या फेरीला आली. तिने ढवळूच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. त्याच्या कानाशी टाळी वाजवली. ढवळूची पापणीसुद्धा हलली नाही. मान पुढे वाकवायला गेली तर तो कळवळला, मान लाकडासारखी ताठ.

"पोशी, कधीपासून असा आहे?"

"कालपासून. पिऊन हाय तो."

"पिऊन माणूस बहिरा होतो का गं?" रंजना चिडून म्हणाली, आणि जीप बोलवायला टेकडावर रेंज शोधत पळाली.

जव्हारच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर हर्षाली नावाची तरुण बाई होती. तिने ढवळूचं रक्त काढलं, एक इंजेक्शन लगेच दिलं आणि मग पोशीला प्रश्न विचारायला लागली. सोबत देवराम आला होता, तो दाराशी उभा.

"किती पितो?"

"रोज," पोशी म्हणाली. यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

"पोटावर हा व्रण कशाचा?"

"भिवंडीला बिल्डिंगवरून पडला होता. चार वर्षं झाली. पोटातला कायतरी फुटला म्हणून काढला."

डॉक्टरीणने व्रणावर बोट टेकवलं. "पानथरी, म्हणजे प्लीहा, काढली का?"

"तेच बोलले होते. पानथरी. लस टोचून घ्या असाही बोलले होते. आम्ही गेलो नाय. बरा झाला होता ना तो."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि पोशीला त्याचंच जास्त वाईट वाटलं. "पोशीताई, शेताला राखण लागते ना, तशी अंगातली राखण पानथरी करते. यांच्या अंगात ती नाही. दारूने होती तीही ताकद गेली. अंगठ्याला उघडी जखम. त्यात एक दिवस घरीच वाया गेला. अशा माणसाला साधा जंतूही उचलून नेतो. आता मला सांगा, आत काय शिरलं? मेंदूचा मलेरिया म्हणू, विषारी दारू म्हणू? दारूला एक उपचार आणि जंतूला दुसरा. कुठल्या जनावराला हात लावला होता का? गुरं, कुत्रं, डुक्कर?"

पोशीने दाराकडे पाहिलं. देवरामने मान हलवली नाही, पण डोळे असे रोखले की तिला जिभेवर ते पाच दाणे परत लागले.

"नाय," ती म्हणाली.

"नक्की?"

"कशालाच नाय."

डॉक्टरीणबाई वळल्या. पलंगावर ढवळूचा श्वास घुर्रघुर्र वाजत होता. त्याचा तो अंगठा चादरीबाहेर आला होता, सुजलेला, काळानिळा. 'अरे, अंगठा तरी सांभाळ' म्हणून आपण ओरडलो होतो, आणि मग हसलो होतो. कणगी रिकामी राहिली तर रानातले कंद उकडू, मागून खाऊ. पण हा गेला तर ती कणसरी कोणाच्या ताटात वाढायची?

"बाई!" ती एवढ्या जोरात ओरडली की सगळा वॉर्ड वळला. "डुकर! रानडुकर कापला होता यानं. याच हातानं. कच्चा काळीजपण खाल्ला. मी बोलले. माझ्या तोंडून गेला, पाड्यातल्या कोणाच्या नाय."

दारात देवराम नव्हता. निघून गेला होता.

पोशी रडायला लागली. "आथा वनवाल्यांना सांगाल ना?"

"मी वनखात्यात नोकरीला नाही हो," हर्षाली म्हणाली आणि तिने पोशीचे दोन्ही हात धरले. "तुम्ही आत्ता फार मोठं काम केलंत. डुकराचा एक जंतू असतो, तो मेंदूच्या आवरणावर जातो आणि कान खातो. पहिलं इंजेक्शन त्यालाही लागू आहे, पण आता डोस, पुढचा दवाखाना, सगळं नीट ठरवता येईल. अजून कोणाचे हात त्या डुकरात गेले होते?"

पोशीने देवरामचं नाव सांगितलं. आण मोडायचीच तर पूर्ण मोडू दे.

त्याच दुपारी ॲम्ब्युलन्सने ढवळूला नाशिकला हलवलं. पहिले दोन दिवस मोठे डॉक्टर पोशीच्या नजरेला नजर देत नव्हते. रक्तदाब पडला, लघवी थांबली, नळ्याच नळ्या लागल्या. पोशी काचेबाहेर बसून राहिली. तिला एकच वाटायचं, त्या दिवशी दिवसभर मी विळा चालवत होते आणि हा खाटेवर एकटा पडला होता. तिसऱ्या दिवशी ताप हलला. सहाव्या दिवशी ढवळूने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पोशी म्हणाली, "देते." तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने म्हणाली, कानाशी जाऊन म्हणाली. मग तिला समजलं. जीव राहिला होता, कान गेले होते.

अकराव्या दिवशी वॉर्डाच्या दारात देवराम उभा. खांद्यावर गोणी, हाताला सुईची पट्टी, तोंड उतरलेलं. पोशी उठून उभी राहिली. आता काय ऐकवणार हा म्हातारा, म्हणून तिने पदर घट्ट धरला.

देवरामने गोणी खाली ठेवली. "तुझा उरलेला भात पाड्यानं कापला," तो म्हणाला. "झोडून, कांडून घरात ठेवलाय. हे वानगीला आणले. बघ, दाणा भरलाय का."

पोशीने गोणीत हात घातला. नवे तांदूळ, हाताला गार लागले. तिने मूठभर बाहेर काढून उजेडात धरले.

"मलापण ताप होता गं," देवराम हळूच म्हणाला. "त्या दिवशी दवाखान्यात आलो, तेव्हाच अंगात होता. कोणाला बोललो नाय. रंजना त्या डॉक्टरणीनं दिलेल्या गोळ्या घेऊन पाड्यावर आली, मला धरून जव्हारला नेला. तू नाव घेतला नसतास तर मी झोपडीतच मेलो असतो, आण पाळत."

एवढ्यात ढवळू जागा झाला. डॉक्टरांनी कालच त्याला कागदावर डुक्कर काढून आजार समजावला होता. देवरामला पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती उतरली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. तो सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडला, "बाबा! डुकराचा कोणी सांगितला? आण कोणी मोडली?"

पोशीने खाली मान घातली.

देवराम पलंगाजवळ गेला. बोलून उपयोग नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं. मग ज्या हाताने दाणे वाटले होते, तोच हात त्याने उचलला आणि मूठ करून 'मी, मी' म्हणावं तशी आपल्याच छातीवर दोनदा आपटली.