सात नंबरचा वरचा दांडा

"अजून लावा आजी, तळवा पांढराफटक दिसला पाहिजे," मिस्त्रीने खडूच्या पुडीची बशी पुढे केली.

"हा शाळेतला खडू," टेलरबाईंनी बोटांत चोळून निकाल दिला. "आमचा कापडावरचा बघायचास, कसा मेणासारखा फिरायचा. याला काही दम नाही."

"दम भिंतीवर दिसेल. चला, रोज जाता तशा बाथरूमकडे जा. मी इथे नाहीच असं समजा."

"तू तसाही कुठे असतोस? ही सात नंबरची खोली आली की मान खाली घालून पळतोस. सगळ्यांना ठाऊक आहे."

मिस्त्री बशीतला खडू बोटाने सारखा करू लागला.

म्हाताऱ्या माणसांच्या या निवासात तो सतरा वर्षं आधाराचे दांडे बसवत होता. ऑफिसच्या कागदावर दांड्याची एकच उंची लिहिलेली असे. पण माणसाचा हात कागद वाचून पुढे येत नाही, हे मिस्त्रीचं शास्त्र. म्हणून तळव्याला खडू लावायचा, माणसाला चालवायचं आणि पंजा उमटेल तिथे स्क्रू मारायचा. या उद्योगात माणसांचा पक्का हिशेब त्याच्याजवळ जमला होता. सून भेटायला आली की कोण उगाच दोन दांडे जास्त धरतं, कोण ताठ्यापायी भिंतीला नुसतं नख लावत जातं, कोणत्या जोडप्यात कोण कोणाला सांभाळतं, हे पंजे सांगत. तोंडं बहुधा उलटं सांगत.

चूक एकदाच झाली होती, आणि ती याच खोलीत. इथले मास्तर ताडमाड उंच. त्या दिवशी मिस्त्रीला घरी जायची घाई होती. खडू राहिला, कागदावरची उंची धरून दांडा बसला. दुसऱ्या सकाळी मास्तर बाथरूमच्या दारात पडलेले सापडले. दांड्याच्या वर वीतभर, भिंतीवर साबणाचा अख्खा पंजा होता, खाली घसरत आलेला. मास्तर इस्पितळातून परत आलेच नाहीत. तो पंजा मात्र कोणी पाहायच्या आत मिस्त्रीने पॉलिशपेपरने घासून काढला. नंतर त्यावर रंगाचे तीन हात बसले. तरी दुपारचं तिरकं ऊन आत आलं की त्याला तिथे पाचही बोटं दिसत.

आता त्याच खोलीत टेलरबाई होत्या, आणि महिन्याभरात दोनदा पडल्या होत्या. तिसऱ्यांदा पडल्या की वरचा मजला, असं मेट्रनने बजावलं होतं. वरच्या खाटांना कठडे होते. तिथून कोणी आपल्या पायांनी खाली आलेलं मिस्त्रीने पाहिलं नव्हतं.

टेलरबाई निघाल्या. चार पावलं गेल्या, भिंतीवर एक ठसा नाही. खोलीच्या मधोमध त्यांचा डावा हात कमरेच्या उंचीला बाहेर आला, काहीच नव्हतं तिथे टेकायला गेला आणि त्या कलल्या. मिस्त्रीने झेप घेऊन सावरलं. त्याच्या शर्टावर पांढरा पंजा उमटला.

"इथे काय होतं, आजी?"

"मशीन! दुसरं काय असणार?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "चाळीस वर्षं खाटेवरून उठले की हात त्याच्यावर. लेकीनं विकून टाकलं. मला सांगितलं, पण या हाताला कोणी सांगितलंच नाही."

मेट्रनने ऐकून कपाळाला हात लावला. "खोलीच्या मधोमध लोखंड? मिस्त्री, डोकं ठिकाणावर आहे ना? वाटेत अडगळ नको, हा पहिला नियम."

"मॅडम, अडगळ नाही म्हणूनच पडतात त्या. आठ दिवस द्या. पडल्या तर मीच त्यांना वर पोचवीन."

"आठच."

धुलाईच्या खोलीत एका जुन्या शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड गंजत पडला होता. मिस्त्रीने त्यावर फळी ठोकली आणि चारही पाय फरशीत बोल्टांनी आवळले. पुन्हा खडू. या खेपेला टेलरबाईंचा हात अचूक फळीवर पडला.

"चाक नाही याला," त्या म्हणाल्या. "चालेल. मला तरी आता दोरा कुठे ओवता येतो?"

तशाच पुढे जाऊन त्यांनी बाथरूमच्या दाराशी दांडा धरला. मोकळा हात भिंतीवरून वर गेला आणि थांबला, कापडातला दोष सापडावा तसा.

"इथे खोलगट लागतंय. कुणी घासलंय का रे?"

मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "मी."

"काय होतं इथे?"

"मास्तरांचा हात."

टेलरबाईंनी खालचा दांडा पाहिला. तिथून वर, आपल्या बोटांनी पांढऱ्या झालेल्या जागेपर्यंत, वीत टाकून पाहिली.

"माप चुकलास."

"माप घेतलंच नव्हतं, आजी."

त्या पदराला हात पुसायला गेल्या आणि तसाच राहू दिला.

आठ दिवस टेलरबाई पडल्या नाहीत. नवव्या दिवशी मेट्रन आली, त्याच फळीवर रजिस्टर ठेवून तिने सही केली आणि अडगळीचं नाव काढलं नाही. जाताना मात्र तिची नजर भिंतीवर गेली. जुन्या दांड्याच्या वर वीतभर एक नवा दांडा होता.

"हा कोणासाठी? यांचा हात तिथे जोर लावण्याइतका पोचतो का?"

"उंच माणसांसाठी आहे," मिस्त्रीच्या आधी टेलरबाईच म्हणाल्या.

दर शनिवारी मिस्त्री निवासातले सगळे दांडे हलवून तपासतो. सात नंबरमधला खालचा दांडाही जोर लावून हलवतो. वरच्यावर नुसता हात ठेवतो. तो स्वतः बुटका, मास्तरांच्या उंचीला पोचायला त्याला टाचा उचलाव्या लागतात. तेवढा वेळ टेलरबाई एका हाताने खालचा दांडा धरून, दुसऱ्या मुठीत त्याच्या शर्टाची पाठ घट्ट पकडून उभ्या असतात.