मल्लव्वाच्या पोटातून मनगटात

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. नुसत्या डोळ्यांनी मी कुणाला दिसत नाही. माझे पहिले घर म्हणजे सोलापूरच्या मल्लव्वाच्या पोटावरची चरबी. मल्लव्वा ज्वारीच्या कडक भाकरी करून विकते. मी त्या चरबीत वर्षानुवर्षे पडून होते. माझ्यासारखीला मूळपेशी म्हणतात. शरीरात कुठे मोडतोड झाली तर दुरुस्तीला हातभार लावण्याची ताकद माझ्यात होती, पण मला कुणी बोलावले नाही.

उलट टोमणेच ऐकले. भाकरी बांधायला येणारी शेजारीण रुक्साना म्हणायची, "मल्लव्वा, पोट जरा मागं घे की. परात दिसंना मला."

"राहू दे. कधीतरी उपयोगाला येतंय," मल्लव्वा हसून म्हणायची.

एके दिवशी पिठाच्या डब्याच्या पत्र्याची धार तिच्या उजव्या मनगटात घुसली. तिने हळद दाबली, फडके बांधले आणि ती कामाला लागली. जखम भरली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिरच राहिली. सूज असेल, उतरेल, असे ती म्हणत राहिली.

मल्लव्वा भाकरी नेहमी बोटांनीच उलटायची. उलथने घेणे तिला कमीपणाचे वाटे. पुढे एकदा सवयीने तिने तव्यावर तीच बधिर बोटे टेकवली.

रुक्सानाला वास आला. "काय करपलं गं? भाकरी?"

मल्लव्वाने बोटांकडे पाहिले. "न्हाय. मीच."

तिला काहीच कळले नव्हते. त्याच दिवशी रुक्साना तिला सात रस्ता चौकाजवळच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टर नंदीश यांनी हात तपासला. बोटांना जाणीव देणारी नस मनगटात तुटली होती आणि मधला भाग वाया गेला होता.

"मावशी, बोटांना कळेपर्यंत तवा बंद."

"तवा बंद म्हंजे मीच बंद की, डॉक्टर."

डॉक्टरांनी समजावले. पायातली एक बारीक नस काढून मनगटात जोड देता येईल. पोटातल्या चरबीच्या मूळपेशी त्या जोडाभोवती सोडण्याचा अभ्यासही इथे सुरू आहे, त्यात तुम्हाला घेता येईल. त्याची खात्री देत नाही, आणि नको म्हणालात तरी नस जोडणारच, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

मल्लव्वा रुक्सानाकडे वळली. "बघ. पोटाला नावं ठेवत हुतीस."

"घ्या डॉक्टर, भरपूर घ्या," रुक्साना म्हणाली. "कमी पडलं तर माझं पण हाय."

मग माझा प्रवास सुरू झाला. सुईने चरबी काढली. मला धुतले, गाळले, वेगळे केले आणि उबदार पेटीत वाढवले. एकीच्या आम्ही अनेक झालो. शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्हाला नसेच्या जोडावर सोडले.

तिथले काम सावकाशीचे होते. नस महिन्याला जेमतेम इंचभर वाढते. ती वाढवली मल्लव्वाच्याच शरीराने. आम्ही तिला वाढीचे खाद्य पुरवले आणि बारीक रक्तवाहिन्यांना जवळ बोलावले. माझ्या बऱ्याच बहिणी त्या कामातच संपल्या. त्यांची आठवण येते.

उन्हाळा सरला, दसरा गेला. आता तव्यापाशी रुक्साना बसे आणि मल्लव्वा डॉक्टरांनी सांगितलेले बोटांचे व्यायाम करून भाकरी बांधे. एका सकाळी तिने तव्यावरून नुकतीच उतरवलेली भाकरी उचलली आणि झटकन हातातून सोडली. भाकरीचे तुकडे झाले.

"फोडलीस? गिऱ्हाइकाची हुती ती."

"पोळलं," मल्लव्वा म्हणाली.

"काय?"

"बोटाला पोळलं की गं."

रुक्सानाने गॅस बंद केला. "दुसरी धर बघू."

मल्लव्वाने दुसरी धरली आणि लगेच ठेवली. "लई गरम हाय," ती म्हणाली, आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मोडलेली भाकरी त्यांनी शेंगाचटणीशी तिथेच संपवली.

डॉक्टर नंदीश म्हणाले, श्रेय पायातल्या नसेचे किती, व्यायामाचे किती आणि पेशींचे किती, ते आज सांगता येणार नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही. इतकी वर्षे पडून राहिल्यावर मला काम मिळाले, तेवढे पुरे.

मित्रांनो, कापल्यावर बोट बधिर वाटले तर हळदीवर भागवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि चटका बसला तर हात मागे घ्या, पण चटक्यावर रागावू नका. हात जागा असल्याची खबर तोच देतो.

मल्लव्वा आता उलथने वापरते. दिवसाची पहिली भाकरी मात्र ती अजून बोटांनीच उलटते आणि हळूच "स्स्" म्हणते. तेवढे मी तिला माफ केले आहे.