बसलेला आवाज

त्या रविवारी आईचा आवाज चांगला होता. मी लालबागच्या खोलीत बोंबील साफ करत होते. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि आई तिकडून, बांगलादेशातल्या रोहिंग्यांच्या छावणीतून, मला सुनावत होती.

"डोकी नीट काढ. मागच्या वेळी माझ्या घशात काटा गेला होता."

"छावणीत बसून माझे बोंबील तपासतेस?"

"सवय गं. दिवसभर घसेच बघते." मग सांगत बसली. बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या, उतारावरून पाणी आणणाऱ्या बायका, आणि तिच्या हातात बॅटरी दिसली की आपणहून तोंडं उघडणारी पोरं. "गळ्याला इथे गोला म्हणतात, बाय. भाषेवाचून काही अडत नाही."

तो आमचा शेवटचा साधा दिवस.

आई महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होती, निवृत्त झाली होती. छावणीत घटसर्प पसरल्याची बातमी तिने पेपरात वाचली आणि एका संस्थेकडे नाव दिलं. आता या वयात कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं तेव्हाची गोष्ट. चाळीतली पोरं जिन्यावर मोर्चा-मोर्चा खेळायची आणि माझा पाच वर्षांचा भाऊ आनंदा त्यांचा पुढारी असायचा. एक दिवस त्याचा आवाज बसला. शेजारच्या सखुबाई हसल्या, "झिलाचो घसो बसलो गो! मालकाक ऐकाक येना नाय, आमचे मात्र कान फुटले." आईही हसली. संपात सगळ्या गिरणगावाचेच घसे बसलेले होते, आमच्या वडिलांचाही. आईने दोघांना हळद-मध चाटवला. दोन दिवसांनी आनंदाची मान सुजली. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. इस्पितळात डॉक्टरांनी घटसर्प सांगितला आणि लशीचं विचारलं. गावी जाण्या-येण्यात ती राहून गेली होती.

आनंदा घरी आला नाही. त्यानंतर आई नर्सिंग शिकली. त्याचं नाव घरात कोणी काढत नसे. पण मला साधा खोकला झाला तरी ती चमचा आणि बॅटरी घेऊन समोर बसायची, आणि बॅटरीचा उजेड माझ्या घशात पुन्हा पुन्हा फिरवायची.

बुधवारी फोन आला तेव्हा पहिल्यांदा मला ती आईच वाटली नाही.

"आवाजाला काय झालं?"

"काही नाही. ओरडून बसलाय. बायका रांग मोडतात, मग मी ओरडते. मराठी कळत नाही त्यांना, ओरडणं बरोबर कळतं."

ती हसली. मी हसले नाही. तीही मग थांबली.

"आई, घसा दाखवलास कोणाला?"

"मीच दाखवणार आणि मीच बघणार?"

"तिकडे आल्यावर लस घेतली होतीस ना?"

"घेतली गं. लगेच थोडीच लागू होते? आणि रांग काय थांबते?" पुढचं वाक्य तिला गिळता आलं नाही तसं बोलताही आलं नाही. खोकल्याची एक कोरडी उबळ आली आणि तिने फोन ठेवला.

शुक्रवारी तिच्याबरोबरच्या बांगलादेशी नर्सने फोन केला. आईला त्यांच्याच दवाखान्याच्या तंबूतल्या खाटेवर ठेवलं होतं. औषध दिलं होतं, घटसर्पाने घशात धरलेला पडदा सुटू लागला होता. मी सुस्कारा सोडला, तशी ती मोडक्या हिंदीत घाईने म्हणाली, "गला ठीक हो रहा, दीदी. लेकिन बीमारी का जहर दिल तक गया."

मी पारपत्र शोधत होते, व्हिसाचं विचारत होते, विमानाचं विचारत होते. आई रविवारी पहाटे गेली. आदल्या संध्याकाळी त्या नर्सने मला पुन्हा फोन लावला आणि फोन आईच्या कानाशी धरला.

"बोलो, दीदी. वो बोल नहीं सकती. सुनती है."

पलीकडून फक्त श्वास येत होता, ओढून घेतलेला. खाली रस्त्यावर कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं. मी खिडकी लावून घेतली.

"आई," मी म्हणाले, "आनंदाचं तुला कळायला हवं होतं, असं मला कधीच वाटलं नाही. कोणालाच कळलं नसतं. तुझं काही चुकलं नव्हतं. ऐकतेस ना? तुझं काही चुकलं नव्हतं."