दाराच्या आतल्या बाजूला

मार्कर लाल होता आणि टोपण हिरवं. आधीच्या खेळात कुणीतरी अदलाबदल केली असणार. ते नीट बसत नव्हतं – बसल्यासारखं व्हायचं, बोटाखाली टक् वाजायचं आणि हात काढला की पुन्हा सैल. ती ते दाबत राहिली. टक्... सैल. टक्... बंद झाल्यासारखं वाजणं वेगळं आणि बंद होणं वेगळं, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कंपनीत कड्या, लॅच, कुलपं तपासण्याच्या विभागातच तिची आजवरची सगळी नोकरी झाली होती. यंत्राला लावलेलं लॅच दिवसभर उघडतं, मिटतं, उघडतं, मिटतं, आणि ती काचेपलीकडून कान देऊन असते, आवाज नेमका कधी बदलतोय ते ऐकायला. सकाळी घराचं दार ओढून घेतलं तेव्हा आवाज बरोबर आला होता. दाराची काळजी नव्हती. पण शेगडी... शेगडीचं बटण आपण दूध उतरवण्याआधी फिरवलं, की नंतर, की –

"आज इथे 'नाही' हा शब्द बंद," प्रशिक्षक सांगत होता. तरुण होता, पांढरे बूट घालून खोलीभर हिंडत बोलायचा. "कुणी कितीही अचाट काही सुचवलं, तरी पुढच्यानं म्हणायचं, 'हो, आणि...' – आणि आपली भर घालायची. कल्पनेला आधी वाढू द्या. कात्री नंतर."

सगळे हसले. तीही हसली. भिंतीजवळच्या टेबलावर वेताच्या टोपलीत सगळ्यांचे फोन पालथे पडले होते, आवाज बंद करून. दोन दिवसांचं हे शिबिर कंपनीनं निवडक लोकांसाठी ठेवलं होतं – वेगवेगळ्या खात्यांतल्या माणसांनी एकत्र बसून नवी वस्तू कशी घडवायची ते शिकायला. 'जा, जरा डोकं मोकळं होईल,' असं साहेब तिला म्हणाले होते. डोकं मोकळं झालं होतं खरं. इतकं मोकळं, की काहीही आत शिरत होतं. हो, शेगडी चालू राहिली असेल. हो, आणि खिडकीचा पडदा वाऱ्यानं तिकडेच उडतो. हो, आणि सोबतीला येणाऱ्या बाईला आज उशीर झाला असेल, आणि दुसरी किल्ली तिच्याचकडे, आणि बंद दाराआड सासूबाई एकट्या, इस्त्रीचे कपडे घालून, खांद्याला पिशवी लावून...

उठून फोन मागायचा, एवढंच तर होतं. पण मागितला की कुणीतरी प्रेमानं विचारणार, का हो, घरी काही प्रॉब्लेम? आणि मग सांगावं लागणार, की मी रोज एका माणसाला कोंडून कामावर येते.

कोंडून. हा शब्द त्यांच्या घरात कुणी उच्चारत नसे. नवरा बदलीच्या गावाहून फोनवर म्हणायचा, 'लॅच लावून जात जा.' सोबतीची बाई म्हणायची, 'तुम्ही ओढून घ्या ताई, मी आलेच.' आणि सासूबाई आतून म्हणायच्या, "अगं, दार लागलं बघ चुकून." रोज. रागानं नव्हे, घाबरून नव्हे. तिची एक बारीकशी चूक पोटात घालत असल्यासारख्या समजुतीच्या सुरात. "चुकून लागलं गं दार. मला ड्यूटी आहे." तेव्हा ती जिन्यात उभी असायची, बूट हातात घेऊन, पावलं वाजू नयेत म्हणून. आपण आधीच निघून गेलो आहोत असं त्यांना वाटावं... किंवा मला वाटावं. कुणाला, ते मी कधी ठरवलं नाही.

त्या नर्स होत्या. पुढे वॉर्डाच्या प्रमुख झाल्या; मोठेमोठे डॉक्टरही त्यांना बिचकून असत. आता त्यांना आठवत होती ती फक्त ड्यूटी – नवरा गेलेला आठवत नव्हता, नातवंडं परदेशात आहेत हे आठवत नव्हतं, पण वॉर्डात कुणी नाहीये आणि आपल्याला पोचायला हवं, हे मात्र सकाळी उठल्याबरोबर लख्ख आठवायचं. पहिल्यांदा घरातून गेल्या तेव्हा औषधाच्या दुकानात सापडल्या. गिऱ्हाइकांना ओळीनं बसवून दटावत होत्या. घरी येऊन सगळे पोट धरून हसले होते. पुढच्या वेळी त्या मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडल्या, आणि ज्या बसचा ब्रेक वेळेवर लागला तिचा ड्रायव्हर फुटपाथवर बसून रडत होता. त्यानंतर हे लॅच, आतूनही किल्लीशिवाय न उघडणारं. कंपनीचंच. तिनंच पास केलेलं.

"प्रत्येकानं एक दार आठवा," प्रशिक्षक म्हणाला. "ज्या दारानं घरातल्या माणसाचा पिच्छा पुरवलाय असं."

गटात तिघंच होते. विक्री विभागातली मुलगी म्हणाली, तिच्या घरचं दार असं करकरतं की उशिरा येण्याची सोयच नाही, बाबा जागे होतात. हिशेब खात्यातले, ज्यांना सगळी कंपनी काका म्हणायची, ते म्हणाले, त्यांचं दार फुगतं, त्याला खांदा मारता मारता खांदाच कामातून गेलाय. मग दोघंही तिच्याकडे बघू लागले.

"आमच्या शेजारी एक बाई आहेत," ती म्हणाली, आणि आपण काय बोलतोय ते तिच्या कानांना तिच्या तोंडानंतर कळलं. "वयस्कर. विसरतात. बाहेर पडल्या की परतीची वाट सापडत नाही. घरच्यांना कामावर तर जावंच लागतं. तर ते दार लावून जातात."

"बाहेरून?" मुलगी म्हणाली.

"हो."

"आणि?" प्रशिक्षक केव्हा मागे येऊन उभा राहिला होता कोण जाणे.

"आणि काही नाही."

खोलीत हशा उसळला. तिनं बंद शब्द वापरला होता.

पण गोष्ट त्यांच्या हाती लागली ती लागलीच. मुलीनं मोठा कागद भिंतीला चिकटवला आणि एक आजी काढली – गोल चेहरा, गोल चष्मा, गालावर हसू. "आपण हिला आजीबाई म्हणू या. गोड आजीबाई."

"गोड नाहीत त्या," ती म्हणाली.

"बरं, मग कशा आहेत?"

कशा आहेत? उंच आहेत. चालताना अजून पाठ ताठ. पिशवीत रुमाल आणि पाण्याची बाटली असते, आणि घड्याळ मनगटावर उलटं बांधतात – नाडी मोजताना बघायला सोपं म्हणून. कुणी आजारी म्हटलं की आधी जीभ बघतात. चहा गार होऊ देतात, कारण आयुष्यात कधी गरम प्यायला मिळालाच नाही... ती बोलत गेली आणि मुलगी भराभर लिहीत गेली. ते गोड हसू पुसायला कुणालाच सुचलं नाही. त्या हसऱ्या चेहऱ्याभोवती सासूबाईंची एकेक वस्तू येऊन बसू लागली. तिला वाटलं, कागद टराटरा फाडावा. आणि वाटलं, अजून सांगावं.

काका लिहीत नव्हते. "शेजारच्या बाईंचं बरंच ठाऊक आहे तुम्हाला," ते म्हणाले. सहजच म्हणाले असतील. तिनं मान खाली घातली.

कल्पना सुटल्या. दाराला पावलांवर वाजणारी घंटी. हो, आणि ती घंटी फोनवर. हो, आणि दार कपाटासारखं रंगवायचं, म्हणजे दार आहे हेच कळणार नाही. हो, आणि दारात बाक ठेवायचा, बसथांबा करायचा, आजीबाई बसची वाट बघत बसतील – "आणि बस येणारच नाही!" मुलगी टाळी वाजवून म्हणाली. मुलगी वाईट नव्हती, हुशार होती. बसथांब्याची कल्पना तर उत्तमच होती. महिनोन् महिने आपण त्या घरात राहतो, रोज ते दार ओढतो, आणि आपल्याला हे सुचलं नाही...

"आग लागली तर?" काका म्हणाले.

कुणी 'हो, आणि' म्हणालं नाही. तिनं टोपलीकडे पाहिलं. उठावं. आत्ता उठावं. खुर्ची मागे सरकवून ती उभी राहिली सुद्धा, तेवढ्यात प्रशिक्षकाला वाटलं ती तयार झाली आहे. "वा! कागदावर पुरे आता. दार करून बघा. तुम्ही आजीबाई व्हा."

फ्रिजचं मोठं खोकं होतं. त्याला काकांनी कटरनं दार कापलं, मुलीनं पुठ्ठ्याची कडी लावली, आणि तिला आत उभं केलं. दार मिटलं. बाहेरून मुलगी ओरडली, "आजीबाई, आता बाहेर यायचा प्रयत्न करा! आम्ही काय चुकतंय ते बघतो."

आत अंधार नव्हता. तपकिरी, मऊ उजेड होता. डिंकाचा वास. चारही भिंती हाताला लागतील इतक्या जवळ. आता दार ढकलायचं होतं. हाका मारायच्या होत्या. छाती भरून येईल, घाबरं होईल, रडू फुटेल, आणि ते फुटलं तर बाहेर काय सांगायचं याची तयारी ती करत होती – पण तसं काहीच झालं नाही. उलट खांदे खाली आले. जबडा सैल पडला. किती तरी महिन्यांनी कुणी तिला कुठे पोचायला सांगत नव्हतं. फोन नव्हता, शेगडी नव्हती, ऐकायचा आवाज नव्हता. दार बाहेरून बंद होतं, म्हणजे न जाण्याचा दोष तिचा नव्हता. ती पुठ्ठ्याला पाठ टेकून उभी राहिली. किती बरं वाटतंय... मला बरं वाटतंय. त्या बरं वाटण्याचीच मग तिला इतकी भीती वाटली, की तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"आजीबाई?" मुलीचा आवाज. "काहीतरी करा ना."

मग काकांचा आवाज, अगदी फटीजवळून, हळू. "घरी कोण आहे?"

"सासूबाई," ती म्हणाली.

कुणीतरी दार उघडलं. मुलीचा चेहरा पडला होता, आणि मग तिच्या तोंडून निघालंच, "म्हणजे आपली आजीबाई खरी आहे?" आणि लगेच तिनं जीभ चावली. प्रशिक्षकानं फोनची टोपली आणून खोक्याच्या दारात धरली.

ती फोन घेऊन व्हरांड्यात गेली. मिस्ड कॉल एकही नव्हता. नसण्यानं जीव आणखीच खालीवर झाला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, आणि सोबतीच्या बाईनं अगदी दबक्या आवाजात फोन घेतला.

"ताई, मी केव्हाची आलेय. सगळं ठीक आहे. पण आजी मला उठू देईनात."

"म्हणजे?"

"डोकं दुखतंय म्हणाले मी आल्या आल्या. तर हात धरून निजवलं मला. ओली पट्टी ठेवलीय. मघापासून उशाशी बसून आहेत. स्वयंपाक व्हायचाय, पण..."

"शेगडी बंद आहे ना?"

"बंदच होती. थांबा, आजी मागतायत फोन."

आणि सासूबाईंचा आवाज आला, तिनं ऐकला नव्हता इतक्या महिन्यांत असा – कोरडा, भरभक्कम, कामात असलेल्या माणसाचा. "कोण बोलतंय?"

"आई, मी."

"हे बघ, पेशंटला आरामाची गरज आहे. मी ड्यूटीवर आहे. तू नंतर फोन कर."

फोन ठेवला गेला.

ती व्हरांड्यात उभी राहिली. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि सुटलंही काहीतरी. पण त्याच्या जागी जे आलं ते तिला ओळखू येईना. राग? कुणाचा? की हेवा – होय, थोडा हेवाच – की आपण जिथे आगी लागलेल्या बघत होतो त्या घरात एक बाई शांतपणे आपलं काम करत बसली होती, आणि त्या कामात आपल्याला 'नंतर फोन कर' इतकीच जागा होती. माझं डोकं नाही का दुखत? किती दिवस दुखतंय. दारात त्या म्हणतात ड्यूटी आहे, आणि आपण ऐकतो ते 'बाहेर जायचंय'. तसं त्या म्हणाल्या होत्या का कधी?... म्हणाल्या असतीलही. रस्त्यापर्यंत तर गेल्याच होत्या. बस तर आलीच होती.

जेवणानंतर गटांनी आपापली वस्तू मांडायची होती. काकांनी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "नको असेल तर माझ्या फुगलेल्या दाराचं करू. मला चालेल." ती म्हणाली, असू द्या. मुलीनं आजीबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवून झाकलं होतं. त्यामुळे आता चेहऱ्याला तोंडच नव्हतं.

"तर," प्रशिक्षक म्हणाला, या वेळी एका जागी उभा राहून, "आजीबाईंना नेमकं काय हवं आहे?"

सकाळी हे उत्तर तिला पाठ होतं – बाहेर जायचंय. दार, घंटी, कपाट, बसथांबा – सगळं त्या उत्तरातूनच निघालं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. कुणी हसलं नाही. "विचारायला हवं."

प्रशिक्षकानं ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग तो पुढच्या गटाकडे वळला. ती मात्र कागदापुढे तशीच उभी राहिली. विचारायला हवं. रोज विचारतेच की मी – जेवलात का, गोळी घेतली का, पंखा वाढवू का... उत्तर आधी ठाऊक असलेले प्रश्न. हा तसा नव्हता. त्या काय म्हणतील, आणि म्हणाल्याच तर आपण काय करणार, उद्या सकाळी कामावर कसं येणार, काहीच जुळत नव्हतं. जीव अजून थाऱ्यावर नव्हता. फक्त तो आता घराकडे धावत नव्हता, कुठेच धावत नव्हता, एका जागी धडधडत होता. पलीकडे दुसऱ्या गटाच्या वस्तूला टाळ्या पडल्या. तिनं मनातल्या मनात वाक्य लावायला घेतलं. आई, तुम्हाला... मोडलं. पुन्हा घेतलं. आई, आपण दोघी... हेही पुढे जाईना. आई, तुम्हाला...